कापडवाल्याने महागडी व्हॅन घ्यावी काय?

मागच्या महिन्यात माझ्या पुतण्याने दुकानात येऊन एक माहितीपत्रक गादीवर ठेवले. फोर्सची अर्बानिया. म्हणाला, "चाचा, पार्ट्यांना स्टेशनवरून आणायला आणि माल पोचवायला एकच गाडी होईल." गाडी उत्तम आहे, यात शंका नाही. २.६ लिटरचे डिझेल इंजिन, ११५ हॉर्सपॉवर, आणि किंमत ३० लाखांच्या घरात. परंतु ती माणसांची गाडी आहे आणि आपण विकतो कापड.

मी धंद्यात आलो तेव्हा बजाज टेम्पोच्या मॅटाडोरला मोठी इज्जत होती. ज्याच्या दारात मॅटाडोर, त्याला दलालही उधारी देत असे. तो मिजाज अजून आपल्या डोक्यातून गेलेला नाही. नाव बदलले, इतकेच.

बंद गाडीची गरज मात्र खोटी नाही. जुलै २०१९ मध्ये भिवंडीहून काळबादेवीला मी भाड्याच्या उघड्या टेम्पोतून पांढऱ्या शर्टिंगचे ४० रोल पाठविले. वर ताडपत्री होती, पण ती फाटकी. ९ रोलांना पाणी लागले, पिवळे डाग पडले आणि पार्टीने ते परत पाठविले. अर्ध्या भावात फुंकावे लागले. चाळीस हजार गेले ते गेले, वर सीझनभर त्या पार्टीने ऑर्डर दिली नाही. ग्रे माल भिजला तर प्रोसेसमध्ये बहुतेक वेळा निभावून जाते. तयार मालाला माफी नाही.

तेव्हा बघायचीच असेल तर मालाची व्हॅन बघावी. टाटाची विंगर कार्गो घ्या. आतून लांबी ३२४० मिलिमीटर, रुंदी १६४०, उंची १९००. वजन १६८० किलो. आता ५८ इंची पन्ह्याचा रोल नळीसकट दीड मीटर धरा. लांबीत दोन रोल एकापुढे एक बसतात आणि वर थोडी जागा उरते. दर चौरस मीटरला १५० ग्रॅमचे शर्टिंग असेल तर १०० मीटरचा रोल सुमारे २२ किलोचा होतो, म्हणजे ७० रोल भरले तरी वजन १५४० किलो. शोरूममध्ये जाताना एक रिकामी नळी बरोबर न्यावी आणि आत आडवी-उभी ठेवून पाहावी. सेल्समन हसेल, हसू द्या. ही गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते, त्यामुळे तिची फरशी खाली असते आणि हमालाची कंबर वाचते. पण मागे वजन भरून ओल्या घाटात चढविताना पुढची चाके घसरू शकतात. मालेगावला कसाऱ्यावरून जाणाऱ्यांनी याचा विचार करावा.

खरी मेख करात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्याचे क्रेडिट मिळते. चालकासह १३ आसनांपर्यंतची प्रवासी गाडी स्वतःच्या वापरासाठी घेतली तर ते क्रेडिट मिळत नाही. येथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे कोणी सांगत नाही. समजा करापूर्वीची किंमत १२ लाख, म्हणजे कर २ लाख १६ हजार. आपल्या कापडावर कर ५ टक्के. वर्षाला दोन कोटींची विक्री आणि सहा टक्के नफा धरला तर १२ लाखांवर ६० हजार कर आपल्या खिशातून जातो. गाडीचे क्रेडिट त्यातूनच वळते होणार, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त काळ. गाडी ही भांडवली वस्तू असल्याने तिच्या क्रेडिटचा परतावाही मागता येत नाही. कंपोझिशनवाल्याला तर क्रेडिटच नाही. आणि ज्या कराचे क्रेडिट घेतले, त्यावर घसारा लावता येत नाही.

परवान्याचे थोडक्यात. एकूण भारित वजन ३००० किलोपर्यंत असेल तर माल वाहतुकीचे परमिट लागत नाही, त्यावर लागते. चालकाची काळजी कमी झाली आहे. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स चालते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

आपल्यातले पुष्कळ व्यापारी व्याजाचे कर्ज घेत नाहीत. त्यांना गाडी रोखीने घ्यावी लागते, आणि ती रोख गल्ल्यातून नव्हे तर मालातून निघते. ईद तोंडावर असताना १४ लाखांचा माल कमी भरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. गाडी दारात उभी राहील आणि फळ्या रिकाम्या दिसतील.

मी पुतण्याला एक वही दिली. भाड्याच्या टेम्पोची प्रत्येक फेरी, भाडे, रोलांची संख्या, किती वेळ खोळंबा झाला, सगळे लिहायला सांगितले. पहिल्या महिन्यात ११ फेऱ्या झाल्या. एवढ्यासाठी चालकाचा पगार, विमा आणि पार्किंग बारा महिने भरणे मला पटत नाही. फेऱ्या २० वर गेल्या तर विंगर बघू, असे ठरले आहे. तोवर पावसाळ्यात तयार माल फक्त बंद टेम्पोतून जाईल, भाडे जास्त पडले तरी. वही अजून त्याच्याकडेच आहे.