जिथे डबा दोराला धरतो

लिस्बनमधल्या ग्लोरिया चढावरची ट्रॉली १८८५ पासून चालत होती. ३ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी तिचा एक डबा उतारावरून सुटला, वळणावरच्या इमारतीवर आदळला आणि १६ जणांचा जीव गेला. ‘केबल तुटली’ असे मथळे जगभर झळकले. पण पोर्तुगालच्या अपघात-तपास यंत्रणेने काही दिवसांतच जे टिपण काढले, ते नीट वाचायला हवे. दोर मधे कुठेही तुटलेला नव्हता, उरलेली लांबी चांगल्या स्थितीत होती. तो निसटला होता डब्याखाली, जिथे त्याचे टोक पक्के जखडलेले असते तिथून. त्या दिवशी सकाळीच पाहणी झाल्याची नोंद होती आणि तीत काही वावगे आढळले नव्हते. आढळण्याची सोयच नव्हती, कारण तो जोड खोलल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. विहिरीचा दोरसुद्धा पोहऱ्याच्या कडीपाशी झिजतो. दोराने ओढल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनाबाबत आपण दोराची जाडी, ताकद आणि मोटारीचे अश्वबल विचारतो. वाहन दोराला धरते कसे आणि ती पकड शेवटची कधी उघडून पाहिली, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते सुरक्षेचा पहिला प्रश्न हाच असायला हवा.

तो विचारायचा कसा, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल कारकडे पाहिले की कळते. दोर बनवण्याचा धंदा असलेल्या अँड्र्यू हॅलिडी यांनी १८७३ मध्ये क्ले स्ट्रीटच्या चढावर ही गाडी पहिल्यांदा चालवली. रस्त्याखालच्या नाळेत पोलादी दोर ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने अखंड फिरत असतो. गाडीला स्वतःचे इंजिन नाही. रस्त्यातल्या अरुंद फटीतून एक पोलादी पट्टी खाली जाते, तिच्या टोकाला चिमट्यासारखा जबडा असतो आणि वर गाडीत उभ्या असलेल्या ग्रिपमनच्या हातात त्याचा लांब दांडा. दांडा थोडा ओढला की जबडा दोराला नुसता चाटतो, दोर सरकत राहतो आणि गाडी हळूहळू वेग घेते. पुरता ओढला की गाडी दोराच्याच वेगाने चालू लागते. दांड्याला एकदम झटका दिला तर प्रवासी आडवे होतील आणि दोरही सोलवटेल, म्हणून हे काम अंगमेहनतीइतकेच हाताच्या अंदाजाचे आहे. या रचनेत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. दोराला प्रत्यक्ष भिडणारे जबड्यातले तुकडे मुद्दाम मऊ धातूचे करतात, म्हणजे दोराऐवजी ते झिजावेत. तीन-चार दिवसांत ते संपतात आणि बदलावेच लागतात. दर वेळी ते काढताना माणसाचे डोळे आणि हात पकडीच्या आत पोहोचतात. झिजण्याची जागा आधीच ठरवून ठेवली की तपासणी कोणाच्या मर्जीवर राहत नाही, ती कामाच्या ओघात होऊन जाते.

लिस्बनमध्ये याच्या नेमके उलटे होते. तिथे दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना कायमचे बांधलेले. एक उतरताना दुसऱ्याला वर खेचतो, दोर त्यांचे वजन तोलतो. अशा कायमच्या जोडात दोराचा लवचिक भाग अचानक ताठ धातूत शिरतो. प्रत्येक फेरीत त्या सीमारेषेवर तारा वाकतात आणि थकतात. दोराच्या आतल्या तुटक्या तारा शोधणारे चुंबकीय यंत्र मधली लांबी तपासू शकते, पण ऐन जोडाच्या पोटात त्याला वाचता येत नाही. म्हणून जाणकार ठरावीक काळाने टोक कापून जोड नव्याने बांधायला सांगतात, आणि कायमची पकड असलेल्या रोपवेत पकडीची जागा दोरावर पुढे सरकवत राहतात. इटलीत स्ट्रेसाजवळच्या मोत्तारोने रोपवेवर २३ मे २०२१ रोजी डबा वरच्या स्थानकाच्या अगदी जवळ पोहोचला असताना खेचणारा दोर तुटला, तोही जोडापाशीच. त्यात १४ जण गेले, एकटा पाच वर्षांचा मुलगा वाचला. खेचणारा दोर गेला तर डब्याने दुसऱ्या, वजन पेलणाऱ्या दोराला घट्ट धरावे यासाठी तिथे आपत्कालीन ब्रेक होता. पण तो विनाकारण लागून सेवा खोळंबत होती, म्हणून लोखंडी चिमटे अडकवून तो निकामी करून ठेवला होता. लिस्बनमध्ये ब्रेकमनने ब्रेक लावले होते. मात्र दोराचा तोल गेल्यावर डबा एकट्याने धरून ठेवण्याइतकी ताकद त्या ब्रेकमध्ये नव्हती, असे तपासात दिसले. दोन्हीकडे पहिली पकड सुटली तेव्हा दुसरी हजर नव्हती.

यावर कोणी म्हणेल, सॅन फ्रान्सिस्कोचे इतके कौतुक कशाला? तिथेही अपघात होतात, आणि उघडझाप करणारी पकड निसटू शकते किंवा अडकूही शकते. हे खरे आहे. दोराचा एखादा पेड सुटला तर तो जबड्यात गुंततो, ग्रिपमनला दोर सोडता येत नाही आणि गाडी पुढच्या गाडीवर ओढली जाते. पॉवेल स्ट्रीटच्या गाडीने कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या चौकात वेळेवर दोर सोडला नाही तर दुसऱ्या मार्गाच्या दोरालाच धक्का पोहोचतो. पण या धोक्यांना तिथे उत्तरेही शोधली गेली. सुटलेला पेड लागताच दोर थांबवणारे सूचक मार्गात बसवले आहेत. गाडीत चाकांचे, रुळांवर दाबले जाणारे लाकडी ठोकळ्यांचे आणि फटीत पोलादी पाचर ठोकणारे असे तीन वेगळे ब्रेक आहेत, आणि त्यांपैकी एकही दोरावर अवलंबून नाही. दोष डोळ्यांसमोर येत राहिले म्हणून उपाय झाले. आजच्या सुट्या पकडीच्या रोपवेतही हेच तत्त्व यंत्राने राबवले जाते. पाळणा स्थानकात शिरला की रुळावरची पट्टी स्प्रिंगचा जबडा उघडते, माणसे चढतात-उतरतात आणि निघताना पाळणा पुन्हा दोर धरतो. जबड्याचा दाब दर वेळी मोजला जातो आणि कमी भरला तर यंत्रणा थांबते. म्हणून सगळे रोपवे सुट्या पकडीचेच करा, असे मी म्हणत नाही. छोट्या चढावर कायमचा जोड स्वस्त आणि सोपा पडतो. मात्र त्याला झिजणारा सुटा भाग मानून खोलण्याची सक्ती हवी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लिस्बनमधला दोर माणसे नेण्यासाठी प्रमाणित नव्हता, हे प्राथमिक अहवालात आले. मग दोष दोराच्या खरेदीचा, पकडीचा कशाला? पण त्याच जातीचा दोर आधी विनातक्रार चालला होता, म्हणून तपासकांनी सारा दोष दोरावर टाकला नाही. चुकीचा दोर शिरला हा गुन्हा खरेदीतला. पण त्याचा परिणाम लपून राहिला, कारण जोड बंद होता. रोपवे रस्त्यापेक्षा सुरक्षित असतात, उगाच भीती कशाला, असेही म्हटले जाईल. ती सुरक्षितता कसोशीने केलेल्या देखभालीतूनच येते. मोत्तारोनेने दाखवले ते हेच, की देखभालीवरचा पहिला घाव सेवा बंद पडू नये या दबावातून पडतो.

हा दबाव आपल्याकडेही येणार आहे. रायगडावर रोपवे कित्येक वर्षे आहे, सप्तशृंगगडावर ट्रॉली आहे, केंद्राची ‘पर्वतमाला’ योजना २०२२ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि राज्यात किल्ले व देवस्थानांसाठी आणखी रोपवे प्रस्तावित आहेत. त्यांच्या करारांत प्रवासीसंख्या आणि भाडे लिहिले जाईलच. त्यासोबत जोड कधी खोलणार, टोक कधी कापून नव्याने बांधणार आणि पकडीची जागा कधी सरकवणार हेही लिहावे. शेवटच्या खोलणीची तारीख तिकीटखिडकीवर मराठीत लावावी. आपत्कालीन ब्रेक बंद ठेवून एकही फेरी होऊ नये आणि तो विनाकारण लागत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत सेवा थांबावी. त्या दिवसांचा तोटा चालकाच्या माथी मारू नये, नाहीतर चिमटे पुन्हा अडकवले जातील. बंदचे दिवस भाड्याच्या हिशेबात आधीच धरावेत. वणीच्या सप्तशृंगगडावर चैत्रोत्सवात आणि नवरात्रात गर्दी लोटते, म्हणून खोलणी त्याआधीच्या आठवड्यांत ठरवून यात्रेच्या वेळापत्रकाबरोबरच जाहीर करता येईल. त्या दिवसांत येणाऱ्यांना पायऱ्या चढाव्या लागतील आणि म्हाताऱ्यांची अडचण होईल. त्यांच्यासाठी डोलीची सोय देवस्थानने आणि चालकाने मिळून करावी.