माहितीसंग्रहाची निवड

ग्रंथालयासाठी संगणकीय आज्ञावली रचावयाची झाल्यास रिलेशनल डेटाबेस कोणता घ्यावा, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. ग्रंथ, सभासद व देवघेव यांची निरनिराळी कोष्टके करून ती समान क्रमांकांनी जोडावयाची, ही पद्धत ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विचारातून आली. आज तिच्यावर आधारलेल्या प्रणाली अनेक आहेत आणि निवड बहुधा नावलौकिकावरून होते. हे आम्हांस उचित वाटत नाही.

एकाच वेळी नोंदी करणारे किती, हे आधी पाहावे. लेखनिक एकच असेल, तर एसक्यूलाइट पुरेशी आहे. तिचा सारा संग्रह एका फाइलीत मावतो. मात्र एका क्षणी एकासच तीत लिहिता येते. अनेक शाखांतून एकदम नोंदी व्हावयाच्या असल्यास पोस्टग्रेसक्यूएल किंवा मारियाडीबी घ्यावी.

दुसरी कसोटी स्वामित्वाची. मायएसक्यूएल २०१० मध्ये ऑरॅकल कंपनीकडे गेली. तत्पूर्वीच, २००९ मध्ये, तिचे एक मूळ कर्ते मायकेल विडेनियस यांनी मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली होती. मूळ संहिता खुली होती, म्हणूनच हे साधले.

आज्ञावली काही वर्षांत जुनी होते. ग्रंथालयाच्या नोंदी पुढील पिढ्यांस हव्या असतात. ज्या प्रणालीतून त्या केव्हाही सुखरूप बाहेर काढता येतील, तीच निवडावी.