दहा दिवसांची सेवा नेमकी कोणाची? अमेरिकी किशोरांच्या मिशन ट्रिपचा हिशेब

जून उजाडला की अमेरिकेतल्या शाळांना सुट्टी लागते आणि तिथल्या विमानतळांवर एकसारखे टी-शर्ट घातलेली चौदा ते अठरा वर्षांची मुले-मुली दिसू लागतात. चर्चच्या युवागटातून ती आठ-दहा दिवसांच्या ‘मिशन ट्रिप’वर निघालेली असतात. कोणी मेक्सिकोला, कोणी होंडुरासला, कोणी केनियाला, तर कोणी कंबोडियाला. खर्च प्रत्येकी दोन-तीन हजार डॉलरच्या घरात जातो. तो उभा करायला ही मुले नातेवाइकांना पत्रे लिहितात, गाड्या धुतात, केक विकतात. तिथे गेल्यावर शाळेची भिंत रंगवायची, विटा वाहायच्या, वस्तीतल्या लहान मुलांना बाहुल्यांच्या खेळातून येशूची गोष्ट सांगायची. परतल्यावर चर्चमध्ये उभे राहून अनुभव सांगायचा. दरवर्षी १६ लाख अमेरिकी प्रौढ चर्चसदस्य अशा परदेशी ट्रिपवर जातात, असा अंदाज समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या सुमारास मांडला होता. किशोरवयीन मुले त्यात धरलेली नाहीत.

या मुलांच्या हेतूवर शंका घ्यायचे कारण नाही. सोळाव्या वर्षी सुट्टी सोडून परक्या गावात विटा वाहणारे मूल वाईट नसते. प्रश्न असा आहे, की या व्यवहारात कोणाला काय मिळते?

एका घराची किंमत

१९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला. त्यानंतर उत्तर अमेरिकेतून चर्चचे अनेक गट घरे बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या संशोधकाने पुढे त्या घरांचा अभ्यास केला. ते स्वतः ख्रिस्ती, केल्विन कॉलेजचे प्राध्यापक आणि होंडुरासमध्येच राहणारे. प्रवासखर्च धरून पाहुण्या गटाने बांधलेले घर सुमारे ३० हजार डॉलरला पडले होते. स्थानिक ख्रिस्ती संस्थेने तसेच घर सुमारे २ हजारांत बांधले होते. म्हणजे एका घराच्या पैशात १५ घरे उभी राहिली असती आणि गावातल्या गवंड्यांना काम मिळाले असते. ट्रिपमुळे आपण आता जास्त दान देतो, असे स्वयंसेवक सांगत होते. देणग्यांच्या नोंदींत मात्र फारसा फरक आढळला नाही.

बौद्ध देशातले ‘अनाथ’

कंबोडिया हा थेरवादी बौद्धांचा देश. २००५ ते २०१० या काळात तिथल्या अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. मात्र त्यांतल्या दर चार मुलांपैकी तिघांचे आई किंवा वडील हयात असल्याचे २०११ च्या पाहणीत दिसले. मग मुले तिथे आली कशी? परदेशी देणग्यांवर आश्रम चालतात, आणि शिक्षण व जेवण मिळेल या आशेने गरीब आईबाप पोर तिथे ठेवतात. चर्चचे गट येतात, साधे पर्यटकही येतात. मुले नाचून दाखवतात, पाहुण्यांच्या कडेवर बसतात. आठवड्याने गट निघून जातो आणि दुसरा येतो. माया लागायची आणि तुटायची, हे त्या मुलांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येते.

हैतीत तर गोष्ट अटकेपर्यंत गेली. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपार नेताना अमेरिकेतल्या दहा बाप्टिस्टांना पकडले. त्यांतले काही जण विशीच्या आतले होते. त्या मुलांपैकीही अनेकांचे पालक जिवंत होते.

धर्मांतराचा हक्क आणि संमती

इथे सावध राहायला हवे. मिशनरी म्हटले की आपल्याकडे धर्मांतरविरोधी आरोळी उठते. त्या सुरात आपण सूर मिसळू नये. धर्म बदलण्याच्या हक्कावरच आपण उभे आहोत. पण बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतली. मधली २१ वर्षे अभ्यासाची, वादविवादाची, समाजाला विचार करायला वेळ देण्याची होती. बाहुल्यांचा खेळ पाहून, हातात खाऊ असताना, आठ वर्षांच्या मुलाने वर केलेला हात ही संमती नव्हे. गरजवंताला नाही म्हणता येईल, अशी जागा ठेवली तरच त्याच्या होकाराला किंमत असते.

मिशनऱ्यांकडून शिकण्यासारखे काही आहे, हे बाबासाहेबांनीच सांगितले. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात, शिक्षण आणि वैद्यकीय सेवेमुळे ख्रिस्ती धर्म आशियात पसरला याकडे लक्ष वेधून भिक्खूंनी तो गुण घ्यावा, असे त्यांनी मांडले. त्यांच्यासमोर दहा दिवसांची सहल नव्हती. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली. भगवान बुद्धांनीही सारनाथहून ज्या ६० भिक्खूंना चारिकेला पाठवले, ते अर्हत होते, आणि गावाच्या भिक्षेवर जगणारे होते. देणारा हात गावाचा होता.

आपल्या संघटनांसाठी

हा आरसा आपल्यासमोरही धरला पाहिजे. पूर आला की ब्लँकेट वाटपाचे फोटो, जयंतीला वह्यावाटप, वस्तीत एक रविवार, नंतर वर्षभर कोणी फिरकत नाही. निळा झेंडा हातात असला म्हणून हे वेगळे ठरत नाही.

पुढच्या उपक्रमाआधी प्रत्येक गटाने चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. हे काम वस्तीने मागितले आहे का? हाच पैसा स्थानिक माणसांच्या हाती दिला तर जास्त काम होईल का? आपण गेल्यावर ते कोण चालवणार? आणि ज्या मुलांचे फोटो आपण टाकतो, त्यांच्या आईबापांना विचारले आहे का?

दहा वस्त्यांना एकेक दिवस देण्याऐवजी एकाच वस्तीत आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासवर्ग घ्या आणि तो दहावीच्या निकालापर्यंत चालवा. त्या वर्गातली मुले उद्या स्वतः वर्ग घेऊ लागली, तर आपली सेवा खरी ठरली असे समजा.