बारा टक्क्यांमागचे हात

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी राज्याची आर्थिक पाहणी विधिमंडळात मांडली जाते. राज्याच्या उत्पन्नात शेती व संलग्न क्षेत्राचा वाटा तीत साधारण 12 टक्क्यांच्या आसपास दिसतो. मग विद्वान मंडळी सांगतात, महाराष्ट्र आता शेतीचे राज्य राहिलेले नाही, शेतीला उद्योग आणि सेवाक्षेत्रच पोसतात. मला या वाक्याचा राग येतो. 2011 च्या जनगणनेनुसार याच राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे शेतकरी किंवा शेतमजूर होती. निम्मे हात आणि आठवा हिस्सा उत्पन्न! यावरून शेती बिनमहत्त्वाची ठरत नाही. त्या हातांच्या श्रमाला भाव नाही, एवढेच ठरते. आणि त्यातही सर्वांत स्वस्त हात बाईचा.

उसाचेच पाहा. राज्याच्या अर्थकारणाचे आणि राजकारणाचेही हे लाडके पीक. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणीकडची कुटुंबे तोडीला निघतात. तिथे माणूस मोजत नाहीत, ‘कोयता’ मोजतात. एक कोयता म्हणजे नवराबायको. मुकादमाकडून उचल नवरा घेतो, हिशेबही त्याच्याच नावाने होतो, फेडायची मात्र दोघांनी. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. त्याआधी पहाटे कोपीवर चूल, पाणी, पोरे आहेतच. एक दिवस काम चुकले की खाडा आणि त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, दुखणे अंगावर काढले जाते, त्यात कुणी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि तिशीतल्या बाईचे गर्भाशय काढले जाते. 2019 मध्ये शासनाच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. साखरेचा उतारा दशांशापर्यंत मोजणाऱ्या राज्याला हा आकडा मोजायला एवढी वर्षे लागली.

घरची जमीन असलेल्या बाईचे तरी काय? सरकी टोबणे, निंदण, वेचणी सगळे तिच्याकडे. शेतकरी म्हणून नाव मात्र सातबाऱ्यावर असेल त्याचे. पीककर्ज त्यालाच. 2019 पासूनचे पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये आणि 2023 पासूनचे राज्याचे तेवढेच पैसे, तेही जमीनधारक म्हणूनच मिळतात. मजूर बाईला त्यातला रुपयाही नाही. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ने बायकोच्या नावे जमीन करण्याचा विषय गावागावांत नेला होता. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी कायद्याची दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली, केंद्राने 2005 मध्ये. पण भाऊ माहेर तोडील या भीतीने बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात आणि आपणच ‘समजूतदार’ म्हणून त्यांचे कौतुक करतो!

तोट्यातल्या शेतीत वाटा मिळून बाईला काय मिळणार, असे आपल्यातल्याही काही जणी विचारतात. प्रश्न खरा आहे. पण तोटा ती आजही सोसते, फक्त कागदावर नाव नसताना. नवऱ्याने आत्महत्या केली की कर्ज तिच्या दारात येते, जमीन दिराच्या ताब्यात राहते. शेतमालाच्या भावाची लढाई आणि सातबाऱ्याची लढाई यांत आधी कुठली, हा वाद मला तरी पुरुषी वाटतो.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकरी वर्ष जाहीर केले आहे. त्यानिमित्त सत्कार, हळदीकुंकू होतीलच. आपल्या गटांनी मात्र ग्रामसभेत दोन गोष्टी लावून धराव्यात. गावातल्या किती सातबाऱ्यांवर बाईचे नाव आहे, ते तलाठ्याने वाचून दाखवावे. आणि तोडीला जाणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद कोयत्याचा अर्धा भाग म्हणून न होता स्वतंत्र कामगार म्हणून व्हावी, मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी, असा ठराव करून घ्यावा. टोळ्या गाव सोडण्याआधी.