जिवतीच्या कागदावरची बाई

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी काही ना काही वाद उपटतोच. यंदा तो जिवतीच्या कागदावरून उपटला. श्रावणात देवघराशेजारी चिकटवलेला तो कागद काढायचा राहून गेला होता आणि रंगारी तर दाराशी उभा. नातीने तो हलक्या हाताने सोडवला आणि मांडीवर मूल घेऊन बसलेल्या, भोवती पोरांचा गोतावळा जमवलेल्या बाईवर बोट ठेवून विचारले, "आजोबा, ही कोण?"

"राक्षसीण," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात सौ.नी झारा आपटला. "सणासुदीचं अभद्र बोलू नका!"

पण वाचकहो, मी थट्टा करीत नव्हतो. श्रावणी शुक्रवारी आपण जिला जरा-जिवंतिका म्हणून पुजतो, तिच्यातली जरा महाभारताच्या सभापर्वात भेटते ती रक्तमांसावर जगणारी राक्षसीण म्हणूनच. मगधाचा राजा बृहद्रथ निपुत्रिक. चंडकौशिक ऋषींनी दिलेला आंबा त्याच्या दोन राण्यांनी अर्धा अर्धा खाल्ला आणि दोघींना अर्धे अर्धे मूल झाले. दायांनी ते तुकडे चव्हाट्यावर टाकले. जरेला ते सापडले. न्यायला सोपे जावे म्हणून तिने ते एकत्र धरले, तो काय, मूल सांधले गेले आणि टाहो फोडून रडू लागले! हातात आयते भक्ष्य होते. तिने ते राजाच्या हवाली केले. तोच जरासंध. ती राजाला सांगते, जो मला लेकुरवाळी अशी घराच्या भिंतीवर रेखील, त्याची भरभराट होईल. आपला जिवतीचा कागद दुसरे काय आहे?

जरेच्या त्याच गावात, राजगृहात, म्हणजे आजच्या बिहारमधल्या राजगीरला, बौद्ध कथांतली हारीती राहत होती. पाचशे मुलांची आई, आणि गावची पोरे पळवून खाणारी. बुद्धाने तिचा धाकटा प्रियंकर भिक्षापात्राखाली लपवला. सगळीकडे शोधून ती रडत त्याच्यापाशी आली, तेव्हा त्याने विचारले, पाचशेंतला एक हरवला तर तुझी ही दशा. ज्यांचे एकुलते एक तू नेलेस, त्यांचे काय? तिने ते खाणे सोडले. पण माझी मुले आता काय खातील, हे विचारायला ती विसरली नाही. विहारातून तुला रोज घास मिळेल, असे वचन तिला मिळाले. ७ व्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग लिहितो, की विहारांत तिची मूर्ती असे आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवीत. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात ती मांडीवर मूल घेऊन बसली आहे. खाली पोरांची शाळाच भरली आहे.

तिच्या मागल्या जन्माची हकिकत मात्र सहसा कोणी सांगत नाही. तेव्हा ती एका गवळ्याची गरोदर बायको होती. ताक घेऊन चालली असता उत्सवाला निघालेल्या लोकांनी तिला नाचायला बोलावले. नाचताना गर्भ पडला. लोक तिला तिथेच टाकून पुढे गेले. या गावची पोरे खाईन, हे तिने मागून घेतले ते त्या दिवशी.

हे प्रथम वाचले तेव्हा मला माझी आई आठवली. माझ्याआधीची तिची दोन मुले गेली. घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई चारचौघींत म्हणत, "दोन खाल्लीन हिनं!" आई कधी उलट बोलली नाही. बाळाच्या नशिबासाठी सटवीपुढे कोरा कागद ठेवायचा आणि तिचेच नाव बाईला शिवी म्हणून द्यायचे, अशी आपली तऱ्हा! जिची धास्ती वाटली तिला जुन्या लोकांनी भिंतीवर जागा दिली, रोजचा घास दिला. घरातल्या दुःखी बाईला एवढेही मिळत नसे.

शुक्रवारी आई जिवतीला आघाडा-दुर्वांची माळ घाली, गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य दाखवी, मला ओवाळी. मग फुटाण्यांचे दोन छोटे ढीग बाजूला ठेवी. एकदा मी त्याला हात घातला. ती म्हणाली, "ते तुझे नव्हेत." इतकेच.

नातीला यातले थोडेच सांगितले. तिने विचारले, "मग हिला भूक लागली तर?"

"म्हणून तर आपण फुटाणे देतो."

चकलीच्या पहिल्या घाण्यातली एक देवापुढे ठेवायची आमच्याकडे रीत आहे. सौ. बाहेर आल्या, एक देवापुढे ठेवली, एक त्या कागदापुढे, आणि मला म्हणाल्या, "रंगाऱ्याला सांगा, ती भिंत शेवटी घे."