घाट सामाईक, मग वाट का अडविता?

क्षिप्रेच्या काठचा रामघाट कोणा एकाच्या मालकीचा नाही. सिंहस्थात दत्त आखाड्याच्या बाजूने शैव उतरतात, रामघाटाच्या बाजूने वैष्णव उतरतात. मधले पाणी मात्र एकच असते. कोणी केव्हा उतरावे, कोणत्या वाटेने यावे आणि कोणत्या वाटेने परतावे, याचा क्रम आधी ठरलेला असतो. तो न ठरविता लाखो माणसे एका काठावर सोडली, तर पर्वस्नानाचा आकांत व्हावयास घटकेचाही अवधी लागणार नाही. सामाईक वस्तूचा उपभोग घ्यावयाचा तर तिची जबाबदारीही सामाईकच उचलावी लागते, हे त्या घाटाच्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत.

हा घाट आम्हां मराठी माणसांस परका नाही. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपली राजधानी केली आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. आजही बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी सिंहस्थाला तेथे जातात. पूर्वी माणूस गर्दीत चुकला की ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले जाई आणि घरचे लोक पोलीस चौकीपाशी बसून राहत. आता प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ही निर्धास्ती ज्या धाग्यावर टांगलेली आहे, तो धागा किती बारीक आहे याचा विचार आपण करतो काय?

समजा, घाटावर चुकलेल्या म्हातारीच्या हाती एका कंपनीचा दूरध्वनी आहे आणि तिच्या मुलाच्या हाती दुसऱ्या कंपनीचा. तिची हाक प्रथम जवळच्या मनोऱ्यावर जाते, तेथून तिच्या कंपनीच्या केंद्रात पोहोचते आणि मग दोन कंपन्यांच्या यंत्रणा जेथे एकमेकींस जोडल्या आहेत, त्या सांध्यातून पलीकडे जाते. या सांध्याला आंतरजोडणी बिंदू म्हणतात. जुन्या पद्धतीच्या एका ई-वन जोडणीवरून एका वेळी तीस संभाषणे जातात. एकतिसाव्या माणसाला वाट बंद! मनोरा धडधाकट, दूरध्वनी धडधाकट, पैसे भरलेले. तरीही हाक सांध्यातच मरते. आणि दोष कोणाचा असे विचारले, तर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवितात.

ही केवळ कल्पना आहे असे कोणी समजू नये. उज्जैनचा मागील सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या काळात झाला. त्याच वर्षीच्या ५ सप्टेंबरला रिलायन्स जिओची सेवा देशभर सुरू झाली आणि काही दिवसांतच नव्या कंपनीच्या ग्राहकांनी जुन्या कंपन्यांच्या ग्राहकांना लावलेले असंख्य दूरध्वनी सांध्यावरच अडू लागले. दर हजारांत पाचांहून अधिक दूरध्वनी सांध्यावर अडता कामा नयेत, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा दंडक होता. तो पायदळी तुडविला गेल्याचे पाहून प्राधिकरणाने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी एअरटेल व व्होडाफोन यांना प्रत्येकी १,०५० कोटी आणि आयडियाला ९५० कोटी रुपये, असा एकूण ३,०५० कोटींचा दंड करावा, अशी शिफारस सरकारला केली.

जुन्या कंपन्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, नव्या कंपनीने बोलणे फुकट केल्यामुळे एकाच दिशेने हाकांचा लोंढा आला. पलीकडून आलेला दूरध्वनी पोहोचवून देण्याबद्दल त्या वेळी मिनिटाला १४ पैसे मिळत, तेवढ्यात खर्च निघत नाही. आणि इतके सांधे एका रात्रीत कोठून आणावयाचे? यात तथ्य अगदीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु २००७ साली याच तिघींनी मनोऱ्यांसाठी इंडस टॉवर्स ही सामाईक कंपनी स्थापिली होती, हे विसरून कसे चालेल? लोखंड वाटून घेतल्याने खर्च वाचतो, तेव्हा सहकार्य सुचते. चौथ्याची हाक वाहून न्यावयाची वेळ आली की अडचणी आठवतात! भांडण व्यापाऱ्यांचे असेल; पण त्यात गळा घोटला गेला तो ग्राहकाचा. मध्यंतरी तक्रार स्पर्धा आयोगाकडेही गेली. तेव्हा अशा बाबतीत आधी दूरसंचार नियामकाने निर्णय द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी सांगितले. दंडाच्या मागणीच्या नोटिसा निघावयास २०२१ साल उजाडले आणि प्रकरण पुन्हा न्यायाधिकरणाच्या दारी गेले. सांध्यावर अडलेली हाक काही पाच वर्षे थांबत नाही. ती त्याच क्षणी मरते.

मग कर्तव्याची मर्यादा कोठे आखावी? येथे अमेरिकेचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथील १९९६ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या, प्रस्थापित कंपन्यांवर दोन बंधने घातली. प्रतिस्पर्ध्यास आपल्या तारा व केंद्रे वाजवी अटींवर वापरू द्यावीत. आणि ज्या फेरफारामुळे त्याची जोडणी बाधित होईल, त्याची सूचना आगाऊ जाहीर करावी. जे नाही ते नव्याने बांधून देण्याची सक्ती मात्र करता येणार नाही, असे एका न्यायालयाने १९९७ साली बजावले. पुढे २००३ साली तेथील आयोगाने या दोहोंमधली रेषा आखली: जे नित्याचे फेरफार कंपनी स्वतःच्या ग्राहकासाठी करते, ते तिने प्रतिस्पर्ध्यासाठीही केले पाहिजेत. कंपन्यांनी त्यासही आव्हान दिले. परंतु २००४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा नियम उचलून धरला. नियम साधा आहे. शेजाऱ्यासाठी वाडा बांधा असे कोणी म्हणत नाही. पण स्वतःच्या पाहुण्यासाठी जी कडी काढता, ती शेजाऱ्याच्या पाहुण्यासाठीही काढा, एवढेच!

आपल्याकडे १ फेब्रुवारी २०१८ पासून आंतरजोडणीचे नवे नियम लागू झाले. भेदभाव न करता करार करावा, सांधे ठरावीक मुदतीत वाढवावेत, कसूर करणाऱ्यास दिवसाला एक लाख रुपयांपर्यंत भुर्दंड पडावा, अशी तरतूद त्यांत आली. मुदत आधी ३० कामकाजाच्या दिवसांची होती. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने ती ४२ दिवसांपर्यंत वाढली. नियम आले हे चांगलेच झाले. पण ज्या मेळ्याचे आयुष्यच एक महिन्याचे, त्याला बेचाळीस दिवसांची मुदत काय कामाची? शिवाय दिवसाला लाखाचा भुर्दंड ही कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना शिक्षा नव्हे, चिल्लर आहे.

आणि मेळ्याच्या बाबतीत ‘अंदाज नव्हता’ ही सबब तर मुळीच चालणार नाही. गुरू सिंह राशीत केव्हा येणार, हे पंचांग पाहणाऱ्यास बारा वर्षे आधी ठाऊक असते. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२६-२७ चा, उज्जैनचा २०२८ चा. या तारखा काही आकाशातून अवचित पडलेल्या नाहीत. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पर्वकाळापूर्वी सहा महिने प्रत्येक कंपनीने आपल्या वाहतुकीचा अंदाज दुसरीस लेखी द्यावा. सांधे मेळ्याआधी वाढवून, सर्व कंपन्यांनी मिळून त्यांची कसोटी घ्यावी आणि तिचा निकाल लोकांपुढे ठेवावा. घाटावर चाकांवरचे तात्पुरते मनोरे येतील, त्यांवर सरकारी भारत संचार निगमासह सर्वांना सारख्या अटींवर जागा मिळावी. मनोरे वाटून घेण्यास २००८ पासून आणि त्यांवरील यंत्रसामग्री वाटून घेण्यास २०१६ पासून परवानगी आहे. तेव्हा कायद्याकडे बोट दाखविण्याचे कारण उरलेले नाही. आणि मेळ्याच्या काळात कोणी आपल्या यंत्रणेत फेरफार करणार असेल, तर इतरांना आगाऊ कळविल्यावाचून त्यास हात लावू नये.

सीमाभागातील वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. दूरसंचारासाठी या देशाचे २२ सेवाक्षेत्रांत तुकडे पाडलेले आहेत. गोवा महाराष्ट्राच्या सेवाक्षेत्रात, तर बेळगाव, निपाणी, कारवार कर्नाटकाच्या. शिनोळीचा शेतकरी बेळगावच्या अडत्याशी बोलतो, तेव्हा त्याची हाकही कागदावरची एक रेघ ओलांडूनच जाते. मधल्या सांध्याचा धनी आपले कर्तव्य विसरला, तर लगतची दोन माणसेही एकमेकांस कशी दुरावतात, हे आम्ही कोणाकडून शिकावे? ते आम्ही जन्मापासून पाहत आहोत.

वाट आपल्या अंगणातून जाते म्हणून ती अडविण्याचा हक्क कोणास मिळत नाही; उलट ती वाहती ठेवण्याचे ऋण त्याच्या माथी येते. रामघाटावर हात उंचावून मुलाला शोधणाऱ्या म्हातारीस कंपन्यांची नावे माहीत नाहीत, सांधे माहीत नाहीत. तिला आपल्या मुलाचा आवाज ऐकावयाचा आहे. तो तिला ऐकू आला पाहिजे; मग मधले अंगण कोणाचेही असो!