अंगठा आवरा, कान उघडा

बेस गिटार शिकणाऱ्यांसाठीच्या ‘हे अल्बम ऐकलेच पाहिजेत’ छापाच्या याद्या बहुतेक एकाच साच्यातून निघतात. सगळ्यात वर जॅको पास्टोरियसचा १९७६चा पहिला अल्बम, खाली व्हिक्टर वूटन, मग स्लॅपचा कडकडाट करणारे आणखी चार-सहा जण. हे वादक थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद यादीबद्दल आहे. बेस म्हणजे गिटारचं मागे पडलेलं भावंड, त्याला मान हवा असेल तर त्यानेही लीड गिटारसारखं पुढे येऊन धावलं पाहिजे, असं ही यादी शिकवते. हा धडा चुकीचा आहे.

आधी एक साधी गोष्ट. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली, तर साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो. मोबाइलच्या स्पीकरला तो झेपतच नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे अंश; बाकीचं मेंदू अंदाजाने भरून घेतो. मग रीलवर कोणता बेस गाजणार? वरच्या पट्टीतला आणि अंगठ्याच्या खटक्याचा. तुमच्या आवडीचा निकाल बोटाच्या पेराएवढ्या स्पीकरने परस्पर लावून टाकलाय. आपल्याकडे गवई पहाटे उठून खर्ज भरतो, कारण वरचं सगळं त्यावर उभं राहतं. तबल्याचा डग्गा काढून घ्या आणि नुसती चाटी ऐका. किती वेळ ऐकवेल?

या याद्यांचा दुसरा दोष जास्त गंभीर आहे. त्या मुख्यतः सोलो अल्बमवर बांधलेल्या असतात. म्हणजे कव्हरवर ज्याचं नाव, तोच यादीत. पण बेसचा इतिहास घडवणाऱ्या बऱ्याच लोकांचं नाव कव्हरवर कधी आलंच नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सनने साठच्या दशकात एकामागून एक हिट गाण्यांवर बेस वाजवला. रेकॉर्डवर त्याचं नाव नसायचं. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंची गोष्ट वेगळी नाही. तिथल्या वाद्यवृंदांत किती गोवेकर वादक होते! रेकॉर्डवर संगीतकार, गीतकार, गायक छापले गेले. बेस वाजवणारा क्वचितच. ज्यांना तेव्हा विसरलं गेलं, त्यांना आजची यादी पुन्हा एकदा विसरते.

म्हणून ही माझी यादी. पाचच अल्बम, आणि पाचही दुसऱ्यांच्या नावाचे.

पहिला, मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, १९७१. इथे जेमर्सनचं नाव अखेर छापलं गेलं. हा माणूस उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवायचा. शीर्षकगीत ऐका: गायकाची ओळ संपते तिथे बेस बोलतो, ओळ सुरू झाली की वाट देतो. अल्बममधल्या काही गाण्यांवर बॉब बॅबिट आहे. माणूस कुठे बदलला हे न वाचता ओळखलंत, तर कान तयार झाला म्हणायचं.

दुसरा, बॉब मार्ली अँड द वेलर्सचा ‘एक्सोडस’, १९७७. बेसवर ॲस्टन बॅरेट, ड्रमवर त्याचा भाऊ कार्लटन. शीर्षकगीत सात मिनिटांहून जास्त चालतं, तेही जवळजवळ एकाच कॉर्डवर. ही बेसलाइन शिकायला दहा मिनिटं पुरतात. ती सात मिनिटं न डगमगता, मध्येच हात न शिवशिवता वाजवायला मात्र काही महिने लागतात. सूर कधी थांबवायचा, हे इथे कळतं.

तिसरा, बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’, १९६६. यातल्या अनेक गाण्यांवर लॉस एंजेलिसची सेशन वादक कॅरोल के आहे, पिकने वाजवणारी. ब्रायन विल्सनने बेसला कित्येकदा कॉर्डचा मूळ सूर न देता दुसराच दिला. वर तीच कॉर्ड, पण खालचा एक सूर हलला की गाण्याचा मूड पालटतो. बेसची खरी सत्ता ती ही.

चौथा, स्लाय अँड द फॅमिली स्टोनचा ‘स्टँड!’, १९६९. बेसवर लॅरी ग्रॅहम, स्लॅपचा जनक. आईबरोबर वाजवत असताना ड्रमर राहिला नाही, म्हणून त्याने अंगठ्याने बास ड्रमची आणि तार ओढून स्नेअरची जागा भरली. स्लॅप जन्मला तो गरजेतून, मिरवायला नव्हे. आणि याच अल्बममधलं ‘एव्हरीडे पीपल’ ऐका. गाणं संपेपर्यंत हा माणूस एकच सूर वाजवतो. एकच! रीलवरच्या अंगठेबहाद्दरांनी हे गाणं रोज सकाळी ऐकावं.

पाचवा, जोनी मिचेलचा ‘हेजिरा’, १९७६. इथे चार गाण्यांवर जॅको आहे. तोच जॅको, तेच साल. पण इथे त्याचा फ्रेटलेस बेस एका बाईच्या शब्दांना ऐकत वाजतो. जॅको शिकायचाच असेल तर आधी हा शिका. दुसऱ्याला ऐकणारा जॅको समजला की एकटा जॅकोही जास्त समजतो.

यावर उत्तर ठरलेलं आहे: नव्या पोरांना आधी झिंग लागली पाहिजे, ती वेगानेच लागते. खरं आहे, लागते. पण पुढे काय? तीस सेकंदांच्या तुकड्यावर वाढलेला हात चार मिनिटांच्या गाण्यात उभा केला की कडव्याच्या मध्यावर टेम्पो पळतो, ड्रमर वैतागतो, गायक हरवतो. घरात एकट्याने लागलेली झिंग बँडमध्ये कामाला येत नाही. बँडला हवा असतो तो माणूस, ज्याच्या भरवशावर बाकीचे उडू शकतात.

तेव्हा रील बंद करा. बरे इअरफोन लावा. या पाचांतला एक अल्बम निवडा आणि महिनाभर त्यालाच चिकटून राहा. बेसला हात लावण्याआधी बेसलाइन तोंडाने म्हणा. म्हणता आली नाही, तर ती ऐकलेलीच नाही. मग वाजवा, पूर्ण गाणं, पहिल्या मात्रेपासून शेवटच्यापर्यंत. आणि वाजवणाऱ्याचं नाव शोधून लक्षात ठेवा. कव्हरवर नसेल, तर जरा जास्त शोधा.